अक्काने मला पुन्हा बोलायला शिकवले

माझी वाचा गेली आणि परत आली, हे तंजावुरात बहुतेकांना ठाऊक आहे. ती कशी परत आली हे मात्र मी आजवर कोणाला नीट सांगितलेले नाही. कोणी विचारलेच, तर वैद्यांचे तेल, डॉक्टरांचे औषध आणि कुलदैवताची कृपा, असे सांगून मी विषय संपवीत असे. पुष्कळ वर्षे मी ही टाळाटाळ केली. अलीकडे आमच्या गल्लीत एका गृहस्थांना तोच आजार झाला. त्यांचा मुलगा येऊन म्हणाला, "काका, तुम्ही काय केलंत ते सांगा. आम्ही तसंच करू." त्याला तेलाचे नाव सांगून परत पाठवणे माझ्याने झाले नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. उपाय खरा आहे आणि ज्याच्या घरी हे दुखणे आले असेल त्याच्या उपयोगाचा आहे. पण ज्या माणसाने तो मला दिला त्याच्याशी मी कसा वागलो, हे वगळून तो सांगता येत नाही.

कोर्टातला दिवस

मी जिल्हा कोर्टात दुभाषी होतो. राज्य खालसा झाले तेव्हा मी लहान होतो. वडिलांची राजवाड्यातली चाकरी गेली आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, ही तेव्हापासून आम्हा लोकांची रीतच झाली. साक्षीदार तमिळमध्ये बोलेल ते जज्जसाहेबांना इंग्रजीत सांगायचे, हे माझे काम.

या कामात एक गोष्ट लवकर शिकावी लागते. साक्षीदार रडतात, शिव्या देतात, शापही देतात. मूल गमावलेली बाई पिंजऱ्यात उभी राहून ऊर बडवते, आणि तिचे वाक्य दुभाष्याला न सांडता पलीकडे पोचवायचे असते. झोंबणारा शब्द कानावर पडला की तोच जिभेवर चढून बसतो आणि पुढचे वाक्य निसटते. म्हणून मी साक्षीदाराच्या तोंडाकडे बघत नसे. पिंजऱ्याच्या कठड्याला पितळेचा एक गोळा बसवलेला होता, त्याच्यावर नजर रोखून उभा राहत असे. कचेरीतले लोक मला दगड म्हणत. मला ती शाबासकी वाटे.

ज्या दिवशी मी पडलो त्या दिवशी दावा अगदी कोरडा होता. पाटाच्या पाण्याचे भांडण, दोन शेजारी, एक बांध. मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत सांगत होतो. निदान मला तसे वाटत होते. मग दिसले की जज्जसाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला आहे आणि वकील माझ्याकडे वळून बघत आहेत. साक्षीदारच मला म्हणाला, "अय्या, उटकारुंगो." बसा. मी विचारायला गेलो, का बसू, आणि तोंडातून जे निघाले त्याला कुठलीच भाषा नव्हती. उजवा हात कठड्यावरून घसरला. मला सगळे समजत होते. भीती नंतर वाटली. त्या घटकेला फक्त लाज वाटली, धोतर सुटल्यावर वाटावी तशी.

कडुलिंबाखाली

मला सरकारी दवाखान्यात ठेवले. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्या तोंडात बोट घालून पाहिले, गळा पाहिला, आणि माझ्या बायकोला समजेल अशा तमिळमध्ये सांगितले, "जीभ धड आहे, गळा धड आहे. डोक्यात शब्द उचलून द्यायला जो बसलेला असतो त्याला वारं लागलं आहे. तो उठेल की नाही, सांगता येत नाही." ती पदर तोंडावर घेऊन रडू लागली. मी पडून ऐकत होतो. आपल्याविषयी माणसे आपल्यासमोर बोलतात आणि आपण हजर नाही असे धरून चालतात, याची सवय करून घेणे हा या आजाराचा पहिला धडा आहे.

दवाखान्यातले दिवस एकसारखे होते. पहाटे झाडू, मग कंपौंडर, मग एक शिपाई माझा हात वरखाली करी. दवाखान्याचे अन्न आम्हाला चालत नसे. घरून डबा येई तो माझी थोरली बहीण आणी. तिला आम्ही अक्का म्हणत असू. ती लहानपणीच विधवा होऊन आमच्या घरी परतली होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. सोवळ्यातली बाई दवाखान्यात शिरू शकत नव्हती. ती आवारातल्या कडुलिंबाखाली उन्हात बसून राही, बायको डबा आत आणी, आणि माझे जेवण झाले असे कळल्यावरच अक्का उठे. घरी जाऊन पुन्हा अंघोळ, मगच तिचे जेवण. खिडकीतून मला तिचे डोक्यावरून घेतलेले लुगडे तेवढे दिसे. ते दिसले की घास गिळायला सोपे जाई.

दूधवाली

घरी आणल्यावर मला बाहेरच्या खोलीत, ओट्याला लागून असलेल्या खिडकीशी निजवले. कुटुंब रोज विचारी, "काय हवंय? बोला की हो. एक शब्द तरी." मी तोंड उघडी आणि आवाज येई, शब्द येत नसे. एका सकाळी दूधवाली ओट्यावर बसून भांड्यात दूध ओतत होती. तिने खिडकीकडे बघून सहज विचारले, "पोदुमा, अय्या?" पुरे का? आणि मी म्हणालो, "पोदुम." पुरे.

घरात एकच गोंधळ उडाला. आनंद तर झालाच, पण त्याला कडवट चव होती. बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं संसार केला मी. आणि पहिला शब्द बोलायचा तो दूधवालीशी!" पापनाशमहून तिचे भाऊ नरहरराव आले होते, ते म्हणाले, "अगं, भावजी रुसलेत. घरच्यांवर राग असला की माणूस परक्याशी बोलतो." पुढे काही दिवस मी तमिळमध्ये चार-दोन शब्द बोलू लागलो, आणि मराठीत एक नाही. तेव्हा नरहररावांचे म्हणणे घरात सगळ्यांना पटले. मी मराठी बोलत नाही म्हणजे मनात काही धरून बसलो आहे, असेच सगळे समजले.

खरे असे होते की तमिळ शब्द माझ्यासाठी हलके होते. तांदूळ, मीठ, वाट, वेळ, साक्ष, एवढ्यापुरतेच मी ते वापरले होते. मराठी शब्दांना आईचा आवाज होता, मेलेल्या मुलाचे नाव होते, बायकोचे रडणे होते. एक उचलायला गेलो की त्याला लागून दहा येत, आणि त्यांतला सर्वांत जड असेल तो तोंडात पडे. एकदा मला भात हवा होता. बायको शेजारी बसून नरहररावांना सांगत होती, माझ्या कुंकवाचं काय होणार. मी ताटाकडे बोट दाखवून म्हणालो, "कुंकू." ती उठून आत गेली. अक्का दारात उभी होती. तिने पाहिले आणि तिला कळले. "त्याला भात हवाय," ती म्हणाली. "तुझा शब्द त्याच्या जिभेला चिकटला, गंगू. तू रडू नको त्याच्यापाशी, बाहेर रड."

धडे

दुसऱ्या दिवसापासून अक्काने मला हातात घेतले. बाकीच्यांना खोलीतून घालवून दिले. माझ्यासमोर पाट ठेवला आणि पाटावर एक वांगे.

"हे काय?"

माझे तोंड हलले.

"माझ्या तोंडाकडे बघू नको. माझं तोंड बघितलंस की तुला माझी कीव येते. वांग्याकडे बघ. देठ बघ, काटे बघ. आणि मग सांग."

मी वांग्याकडे बघितले. त्याचा जांभळा रंग, देठाजवळची फिकट रेघ. बराच वेळ गेला. "वांगं," मी म्हणालो.

"साहेबाला पाच-पाच हात लांब इंग्रजी ऐकवत होतास, आणि वांग्याला एवढा वेळ?" अक्का हसली. "मी जज्जाहून कडक आहे हो वेंकू. उद्या लिंबू."

असे रोज चाले. एका वेळी एकच वस्तू. खोलीत शांतता असली की शब्द येई. मग ती मुद्दाम कठीण करू लागली. वस्तू समोर ठेवून स्वतः काहीबाही बोलत राही, आधी साधे, मग टोचणारे. गल्लीत कोण मेले, आपली आई कशी गेली, मी लहानपणी नदीत बुडता बुडता कसा वाचलो. मी झाऱ्याकडे बघून "झारा" म्हणायचे. सुरुवातीला "नदी" येई, "आई" येई. ती म्हणे, "ऐकू येऊ दे. कानाला दार नाही. पण नजर ठेव झाऱ्यावर. बायका तांदूळ निवडतात तेव्हा काय काय बोलत नाहीत? पण खडा सुटतो का?" मला पितळेचा गोळा आठवला. माझीच जुनी युक्ती होती ती. पूर्वी ती आपसूक होई, आता हाताने ओढून आणावी लागत होती, एवढाच फरक. हळूहळू झाऱ्याला झारा म्हणता येऊ लागले, ती काहीही बोलत असली तरी.

इतर माणसांत मात्र अजून भरवसा नव्हता.

समाचाराला आलेली मंडळी

माझी मुलगी काशी लग्नाची झाली होती. नरहररावांनी कुंभकोणकडचे एक स्थळ आणले होते. मुलाचे आईवडील माझ्या समाचाराला म्हणून आले. खरे तर मुलीचा बाप किती शाबूत आहे ते पाहायला आले होते. मला उशांना टेकवून बसवले. समोर वस्तू नव्हती, पाट नव्हता, माणसे मात्र खोलीभर होती. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच भिंतीशी उभी राहिली.

मुलाची आई माझ्या बायकोच्या कानाशी लागली. हळू बोलली, पण मला ऐकू आले. "घरात ही अवदसा अशी समोर वावरते, मग दुखणी येणार नाहीत तर काय?"

नरहररावांनी ते ऐकले नव्हते. पाहुण्यांना माझी प्रगती दाखवायची म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "भावजी, ओळखा पाहू, ही कोण?" आणि अक्काकडे बोट केले.

मी अक्काकडे पाहिले. मला "अक्का" म्हणायचे होते. तो माझ्या आयुष्यातला बहुधा पहिला शब्द असेल. मी स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणालो, "अवदसा."

आजारपणात माणसांसमोर इतका स्पष्ट मराठी शब्द मी प्रथमच बोललो. मुलाची आई खाली बघू लागली, पण तिच्या तोंडावर समाधान होते. अक्का म्हणाली, "पाणी हवंय त्याला." तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि ती आत गेली.

संध्याकाळी नरहरराव माझ्यापाशी बसले. "देवानंच वदवलं भावजी तुमच्या तोंडून. आम्हाला बोलता येत नव्हतं ते तुम्ही बोललात. त्या लोकांचं एवढंच म्हणणं आहे, लग्नघरात ती समोर नको. अक्का ओरत्तनाडूला त्यांच्या चुलतदिराकडे जातील की. काय वाईट आहे? काशीचं बघायला हवं." बायको दारात उभी होती. तिच्याही मनात तेच होते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही.

तिने विचारले तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीप्रमाणे पाट घेऊन आली. पाटावर अडकित्ता होता. तिने "हे काय" विचारले नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "वेंकू, कालचा शब्द दुसऱ्याचा होता. तुला चिकटला. कुंकू चिकटलं होतं तसा. होय की नाही? बोलू नको, नुसती मान हलव. मी गंगूला सांगते, ती नरहररावांना सांगेल."

माझा उजवा हात लुळा होता. मान पूर्ण शाबूत होती.

मी अडकित्त्याकडे बघितले. त्याची पाती, त्यातला खिळा, मुठीवरचा मोर. तिने शिकवले होते तसे सगळे लक्ष त्याच्यावर लावले, इतके की तिचे बोलणे कुठून तरी लांबून आल्यासारखे झाले. ती थांबली. पुन्हा विचारले, "वेंकू?" मी म्हणालो, "अडकित्ता." अगदी बिनचूक.

"बरं," ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत ती ओरत्तनाडूला गेली. चुलतदीर तिथल्या छत्रात, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, कामाला होते. निघताना तिने बायकोला बजावले, "एका वेळी एकच वस्तू ठेव त्याच्यापुढं. घाई नको." काशीचे लग्न ठरले, झाले, चांगले झाले. मी मांडवात बसून चार वाक्ये बोललो, लोकांनी कौतुक केले. अक्काला आमंत्रण गेले होते. येऊ नये अशा बेताने गेले होते.

ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना

गल्लीतल्या त्या मुलाला मी जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो. आजाऱ्याला "मला ओळखलंत का?" असे विचारू नका. नाव हा सगळ्यांत जड शब्द असतो. त्याच्यापुढे हातात धरता येईल अशी एक वस्तू ठेवा, आणि तिच्याकडे बघायला वेळ द्या. त्याच्या अंथरुणापाशी मरणाचे, भांडणाचे, कुंकवाचे बोलू नका, निदान सुरुवातीला. पुढे थोडेथोडे बोला, म्हणजे गलक्यातही नजर एका जागी ठेवायची सवय त्याला होईल. घरची भाषा सोडून बाजारातली भाषा आधी आली तर अपमान मानू नका. आणि तो काही भलते बोलला, तर त्याआधी खोलीत कोण काय बोलले ते आठवून बघा. बहुधा शब्दाचा धनी तिथेच सापडेल.

इतके सगळे मला तेव्हाच ठाऊक होते. लोकांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो की तो शब्द माझा नव्हता, दुखण्याचा होता. हे खरे आहे, आणि मी त्याच्या आड राहिलो. अडकित्त्याविषयी कोणी विचारले नाही, कारण खोलीत तेव्हा आम्ही दोघेच होतो.

ओरत्तनाडू

मला पुन्हा कचेरीत घेतले, पण दुभाषी म्हणून नाही. कागदांचे भाषांतर करायला बसवले. चालता येऊ लागल्यावर मी बैलगाडी करून ओरत्तनाडूला गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. वाटेत गाडीत पुटपुटून पाहिले. तमिळमध्ये ते वाक्य कुठे न अडखळता निघे, शेतसाऱ्याच्या तक्रारीसारखे. पण अक्का आणि मी जन्मात एकमेकांशी तमिळ बोललो नव्हतो. तिच्यापुढे ते वाक्य तमिळमध्ये म्हणणे म्हणजे पिंजऱ्यात उभे राहून जबानी देणे झाले असते. मराठीत ते दुसऱ्या शब्दापाशी तुटे.

अक्का चुलतदिराच्या ओसरीवर सूप घेऊन बसली होती. छत्राचा तांदूळ तिच्याकडे निवडायला येई. ती वाळली होती. मी पाय धुऊन तिच्यासमोर बसलो.

"आलास? जेवलास का वाटेत?"

"जेवलो."

"काशी कशी आहे?"

"दिवस गेलेत तिला."

"आं! आणि हे आत्ता सांगतोस, पाय धुऊन झाल्यावर? दारातून ओरडत यायचं की रे!" ती हसली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "एक शब्द चुकला नाही तुझा. गंगूनं ठेवल्या ना वस्तू रोज?"

"ठेवल्या."

"कर्ता झालास पुन्हा. कचेरीत सांगशील की नाही, कोणाचा शिष्य म्हणून?"

मी म्हणालो, "अक्का."

"काय रे?"

मी सुपाकडे नजर लावली. तांदूळ, भुसा, तिची बोटे. वाक्य जवळ आले, सगळे शब्द हजर होते, आणि मला दिसले की हे मी तांदळाला सांगणार आहे. तांदळाची क्षमा मागून काय करायचे? म्हणून मी नजर उचलून तिच्याकडे पाहिले. तिने पदराने घाम पुसला, आणि वाक्य गेले. पुन्हा खाली पाहिले, आले. पुन्हा वर पाहिले, गेले. बाकी सगळे मला त्या युक्तीने बोलता येत होते. हे एकच असे होते की ज्याला बोलायचे त्याच्याकडेच बघायला हवे होते.

"अडला का शब्द?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो. हे खोटे नव्हते. पण पुन्हा मी दुखण्याच्याच आड उभा राहिलो, हे मला त्याच क्षणी कळले.

"राहू दे. घाई नको. आला की सांग."

संध्याकाळच्या आत मी परतलो. पुढच्या वर्षी तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. निरोप पोचेपर्यंत दहन झाले होते. दिवस मी केले, मंत्र भटजींच्या मागून बिनचूक म्हटले.

गाडीत घोकलेले वाक्य मोठे नव्हते. ते असे होते: अक्का, त्या सकाळी तू विचारलंस तेव्हा मला मान हलवता येत होती, मी हलवली नाही, मला क्षमा कर.